गुरांच्या दवाखान्यात माणसांचा ताप

गुरांच्या दवाखान्यात शेण आणि किस्से सारख्याच वेगानं साचतात. शेण निदान झाडता तरी येतं. कोरोनाच्या काळात साचलेले किस्से मात्र अजून तसेच पडून आहेत, आणि चार मैत्रिणी जमल्या की त्या मला ते काढायलाच लावतात.

मी गुरांची डॉक्टर. तेव्हा वडनेर भोलजीच्या अलीकडे एका गावात माझी नेमणूक होती. साथ आली आणि माणसं माझ्याकडे यायला लागली. कारण साधं होतं. माणसांच्या दवाखान्यात गेलं की नाकात काडी घालतात आणि शाळेत नेऊन कोंडतात, असं गावानं ठरवून टाकलं होतं. मी कोणाच्या नाकात काही घालत नव्हते. एवढ्या एका गुणावर मी भरवशाची ठरले.

पहिला आला तो ट्रॅक्टरवाला रमेश. अंगात ताप होता आणि त्याला म्हशीचं इंजेक्शन हवं होतं. म्हशीची सुई मोठी, म्हणजे औषध जोरदार! मी त्याला समजावलं की म्हशीचं औषध म्हशीसाठी असतं, माणसाचा त्यानं जीव जाईल, तू आधी तपासणी करून घे. त्यानं पटल्यासारखी मान डोलावली.

"मंग बकरीचं द्या."

*

रमेशला अडाणी म्हणून सोडून देऊ. शिकलेल्यांचं ऐका.

गावातले मोठे शेतकरी वसंतराव. त्यांचा मुलगा पुण्यात इंजिनिअर. त्यानं तिकडून बापाला मेसेज धाडला की गुरांचं जंताचं औषध घेतलं की कोरोना होत नाही. मला कळलं तसा मी त्याला फोन केला. असं काही सिद्ध झालेलं नाही, बापाच्या जिवाशी खेळू नकोस, म्हटलं. तो म्हणाला, त्यानं रिसर्च केला आहे. कुठे, तर मोबाइलवर. वर मलाच ऐकवलं, "मॅडम, तुमचं फील्ड व्हेटर्नरी आहे." बाटली माझ्याच फील्डमधली होती, हे काही साहेबांच्या ध्यानात आलं नाही.

आठवड्यानं वसंतराव भेटले. निम्मे झाले होते. मी विचारलं, औषध लागू पडलं का?

"पडलं ना. दोन दिवस परसाकडंच होतो. कोरोना होयाले टाइम कुठं भेटला?"

*

मग तालुक्याहून माहितीचे कागद आले. 'लक्षणे आढळल्यास गृह विलगीकरणाच्या निकषांचे अनुपालन करावे.' लोकांनी त्या कागदांवर भजी खाल्ली.

शेवटी मी दवाखान्याच्या भिंतीवर खडूनं लिहिलं, 'खुरकत झालेलं ढोर आपण वेगळं बांधतो. ताप आलेला माणूसही वेगळा ठेवा. दम लागला तर लगेच मोठ्या दवाखान्यात न्या.'

दुसऱ्याच दिवशी कौसल्याबाई आली. नवऱ्याला ताप होता, म्हणून तिनं गोठा झाडून-सारवून त्याची खाट तिथे टाकली होती. आता त्याला जेवण कसं द्यायचं आणि सोडायचा कधी, एवढंच तिला विचारायचं होतं. मी सांगितलं, तोंड बांधून ताट ठेव, मागे हो, हात धू. आणि माणसांच्या डॉक्टरला फोन लावून दिला. तिचा नवरा बरा झाला. घरात दुसऱ्या कोणाला लागण झाली नाही.

मग तालुक्याहून एक साहेब आले. भिंत वाचून लाल झाले. माणसाला ढोराच्या पंक्तीला बसवलं म्हणाले, आत्ताच्या आत्ता पुसा. मी विचारलं, लोकांना जे समजतंय तेच पुसायचं का?

"समजण्याचा प्रश्नच नाही मॅडम," साहेब म्हणाले. "भाषा शासकीय पाहिजे."

*

लस आली तेव्हा उद्घाटनाला एक पुढारी आले. त्यांनी बाही वर केली, सुई दंडाजवळ आली, फोटो निघाला आणि बाही खाली आली. सगळं गाव बघत होतं. रांग जागीच मोडली. मला इतका संताप आला की मी पुढे होऊन सगळ्यांदेखत लस घेतली. मागून एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "तिले काय, तिले सुयांची सवयच हाय."

*

आणि आमचे गुरुजी. निवृत्त मुख्याध्यापक. रोज पारावर बसून सांगायचे, कोरोना वगैरे काही नसतं, हा सगळा दवाखान्यांचा धंदा आहे. गुरुजी बोलले म्हणून कितीतरी घरांनी ताप लपवला. मी एकदा त्यांना हात जोडून गप्प बसायला सांगितलं, तर पारावर माझीच टिंगल झाली.

एका दुपारी त्यांचा फोन आला. आवाज बारीक. गाय आजारी आहे म्हणाले. ताप आहे, अंग दुखतं, आणि तिला कशाचा वास येत नाही.

गाईला वास येत नाही हे तुम्हाला कसं कळलं, मी विचारलं. पलीकडून नुसतं खोकणं ऐकू आलं. माझा राग तिथेच विरला. मला भीती वाटायला लागली.

"गुरुजी, गाईला दम लागतो का?"

"जिना चढताना लागतो."

मी त्यांना बोलतं ठेवलं आणि दवाखान्यातल्या दुसऱ्या फोनवरून ॲम्ब्युलन्स बोलावली. गाय नांदुऱ्याच्या मोठ्या दवाखान्यात ऑक्सिजनवर राहिली आणि पुढे आपल्या पायांनी घरी आली. पण त्या दुपारी गाडी निघाली असं मी सांगितलं, तेव्हा धापा टाकत गुरुजींनी एकच विनंती केली.

"गल्लीत शिरताना भोंगा बंद ठेवा म्हणावं."