चौदा गेजचा हट्ट

मागची सभा आमच्या अ‍ॅम्प्लिफायरने बुडवली. खाडीत भराव टाकायला विरोध म्हणून गावच्या बाया चालत आल्या होत्या, आणि रिक्षाच्या टपावर हादरे खात आलेलं ते यंत्र दहाव्या मिनिटाला गप्प झालं. मागच्या रांगा उठून गेल्या. सुनावणी घ्यायला आलेल्या सरकारी साहेबांनी अहवालात लिहिलं, ‘उपस्थितांचा आक्षेप नाही.’ आक्षेप ऐकूच गेला नाही, त्याचं काय?

रविवारी पुन्हा सुनावणी होती. या वेळी अ‍ॅम्प्लिफायर आणि बॅटरी लोखंडी पेटीत बसवायची, मी ठरवलं. कळंबोलीच्या बाजारात दुकानदार म्हणाला, “बीस गेज काफी है.” गेजचा आकडा मोठा, तितका पत्रा पातळ. माझ्यासारख्या पत्रकं लिहिणाऱ्याला सगळीकडे डाव दिसतो. पातळ माल गळ्यात मारतो काय! मी चौदा गेजचा, चांगला दोन मिलिमीटरचा पत्रा उचलला आणि पळस्प्याला शेड टाकून बसलेल्या काकांकडे नेला. उरणच्या बोटींच्या इंजिनांवर झाकणं बसवण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं.

त्यांनी अंगठ्याने कड चाचपली.

“काय रं बाला, तिजोरी करतोस? आत सोनं हाय का?”

“आवाज आहे, काका. तो बंद पडता कामा नये.”

“आन् उचलनार कोन? तुमचा म्होरक्या?”

“आमच्यात म्होरक्या नसतो.”

“मंग तर मेलासच.”

सभेची जागा बांधापलीकडे होती, शेवटचा पल्ला खांद्यावरून. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तरी मी अडून बसलो. जाड ते मजबूत, यात शिकायचं काय?

काकांनी वाद घातला नाही. माझ्या पिशवीतून एक पत्रक ओढलं आणि दोन विटांवर आडवं ठेवलं. ते मध्येच खचलं. मग त्याच्या दोन्ही कडा बोटभर वर दुमडल्या, परत ठेवलं आणि वर एकेक नट ठेवत गेले. पाच, सहा, सात. कागद हलला नाही. हजारो पत्रकं वाटली मी. त्यात एवढं बळ असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

“पत्रा जाडीवर नाय, घडीवर उभा रातो,” ते म्हणाले.

माझा पत्रा ठेवून घेऊन त्यांनी स्वतःकडचा वीस गेजचा जस्ती पत्रा काढला. जाडी मिलिमीटरही नाही. प्रत्येक कड आत वळवली, कारण खारा वारा उघडी कड शोधतो. मग प्रत्येक बाजूला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत हलकी फुली दुमडली. आधी टिचकी मारली तर पत्रा थरथरत वाजायचा. आता नुसतं ठक्क. मी तोंड उघडं टाकून बघत होतो. एक घोषणा सुचेल तर शपथ.

पेटी झाली तसे काका अनवाणी तिच्यावर चढले.

“ये, तू पन ये.”

मी भीत भीत चढलो. आम्ही दोघे नखाइतक्या पातळ पत्र्यावर उभे, आणि पेटी हूं की चूं करेना.

रविवारी आमच्यातल्या दोघांनी ती खांद्यावर घेऊन बांधावरून सहज नेली. सवयीने मी माईकमध्ये गरजलो. शेवटच्या रांगेतून एक म्हातारी उठली.

“वरडू नको रं, आयकू येतंय! तो माईक हिकडं आन. मला बोलाचं हाय.”

वायर तिथवर पोचेना. मग आम्ही पेटीच उचलली आणि माणसांमधून वाट काढत तिच्या पायाशी नेऊन ठेवली. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.