पेवातली हवा

१९४५ साल. मी तेवीस वर्षांचा होतो, आणि माझ्यापेक्षा जास्त कळणारा माणूस आमच्या गावात नाही अशी माझी खात्री होती. शाळा म्हणाल तर उर्दूची दोन बुकं. तिसऱ्याला मास्तराशी पटलं नाही, सोडून दिली. त्याचं मला कधी काही वाटलं नाही, आजही वाटत नाही.

राज्य निजामाचं. त्या साली चावडीत सरकारी रेडिओ आला. लाकडाची पेटी, खाली बॅटरी, आणि पाटलाशिवाय कुणी तिचा कान पिळायचा नाही असा हुकूम. दिवेलागणीला हैदराबादहून थोडा वेळ मराठी लागायचं. आधी बाजारभाव, मग भजन. आठवड्यातून एकदा कुणी एक मास्तर रोजच्या गोष्टींतलं शास्त्र सांगायचे. माठातलं पाणी गार का होतं, दूध का नासतं, वीज आधी दिसून गडगडाट मागून का येतो.

मी खांबाला टेकून बसायचो आणि पेटीला उत्तरं द्यायचो.

"माठातलं पाणी गार का होतं म्हणं! माठ हाय म्हणून होतं. तांब्या असता तर झालं असतं का?"

चावडी हसायची. त्या हसण्यासाठीच मी जायचो म्हणा ना.

त्या दिवशी मास्तरांनी विषय काढला, झाकलेला दिवा का विझतो. पेटत्या दिव्यावर पेला पालथा घाला आणि बघा, म्हणाले. मी म्हटलं, "मास्तरच्या घरी तेल उतू चाललंय." लोक हसले. मास्तर पुढं बोलत होते. आत हवा संपते म्हणून दिवा विझतो. मग म्हणाले, तुमच्या जमिनीतल्या धान्याच्या पेवातही हेच होतं. ज्वारीचा दाणा मेलेला नसतो, तोही श्वास घेतो. बंद पेवात तो चांगली हवा खाऊन टाकतो आणि वाईट हवा सोडतो. ती हवा जड, पाण्यासारखी तळाला बसते. म्हणून पेवात आधी कंदील सोडा. जिथं दिवा जगत नाही तिथं माणूस जगत नाही.

चावडीत कुणी हसलं नाही. सगळे माझ्याकडं बघायला लागले.

दोन वर्षांमागं माझा थोरला भाऊ पेवात गेला होता. घरातली कणगी रिकामी झाली म्हणून दारासमोरचं पेव उघडलं. जमिनीत घागरीसारखं पोटाळ खणलेलं, तोंड एवढंसं. आमच्याकडं रीत अशी, की पेव उघडलं की एक रात्र त्याला वारा द्यायचा, सकाळी नारळ फोडायचा, मग माणूस उतरवायचा. आम्ही सगळं रीतीनं केलं. भाऊ कमरेला दोर बांधून उतरला. खालून "ओढा" असं काही आलं नाही. मीच हाका मारल्या. आम्ही दोर ओढला तेव्हा वर आला तो भाऊ नव्हता, त्याचं ओझं होतं.

रीत पाळली, तरी माणूस गेला. मग कुणाचं तरी चुकलंच असणार. आणि चुकायला घरात नवी सून होती. वहिनी जळकोटची, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. उघड्या पेवात बाईची सावली पडू द्यायची नाही हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. आदल्या दिवशी तिनं वाकून आत बघितलं होतं आणि हसून मला म्हणाली होती, "भावजी, किती काळं हो हे. रात्र भरून ठेवलीया का?"

आडावरच्या बायकांनी ते उचललं. आमच्या मायनं ते धरून ठेवलं. "पांढऱ्या पायाची. नवरा सावलीनं खाल्ला." तेरावा झाला आणि वहिनीचा भाऊ तिला घेऊन गेला. गाडीत बसताना ती रडली नाही. मायनं तिच्याकडं बघितलं नाही.

तर त्या संध्याकाळी मी चावडीतून पळत घरी आलो. माय चुलीपुढं भाकरी थापत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. दिवा, पेला, दाणा श्वास घेतो, हवा जड असते. जणू मीच शोधून काढलं होतं.

"सावली-बिवली काय न्हाय माय. वहिनीचा काय दोष न्हाय. हवेनं गेला दादा."

मायचा हात थांबला.

"दाणा श्वास घेतो?"

"घेतो म्हणं."

"मग त्वांड झाकलेलं असलं तर?"

मी ताडकन उत्तर दिलं. मला येत असलेलं उत्तर मी कधी तोंडात ठेवलेलं नाही. "झाकलं तर जायाची कुठून? आतच कोंडून राहती."

बोलून झालं आणि मग मला आठवलं. पेव उघडलं त्या रात्री अवकाळी पावसाची बुरंगाट आली होती. दाणा भिजेल म्हणून मायनं अंधारात उठून पेवाच्या तोंडावर पोती टाकली होती. सकाळी मीच ती ओली पोती उचलून बाजूला केली होती. वारा द्यायची रात्र, आणि पेव झाकलेलं.

"पन माय," मी म्हटलं, "ती जड असती. उघडं असतं तरी तळालाच बसली असती. मास्तर तसंच म्हणले. कंदील सोडला असता तरच कळलं असतं."

हे खरं होतं. मास्तरांनी तसंच सांगितलं होतं. पण मी ते मागून सांगितलं होतं, आणि मायनं आधीचं ऐकलं होतं. पुढं वीस वर्षं ती जगली. मी किती वेळा समजावलं. "व्हय बाबा, जड असती," म्हणायची आणि विषय सोडायची. आज वाटतं, तीच दोन वाक्यं मी उलटी बोललो असतो तर काय बिघडलं असतं? शास्त्र तेच राहिलं असतं.

तव्यावरची भाकरी करपली. मायनं ती खाली घेतली, दुसरी टाकली नाही. मग म्हणाली, "सकाळी गाडी जुंप. जळकोटाला जायाचं."

"मी जातो की. तू कशाला?"

"तू काय सांगशील तिला? हवेचं?"

वहिनी काही नांदायला परत आली नाही. मायच्या पाया पडली, आम्हाला जेवू घातलं, आणि म्हणाली, "आत्याबाई, तुमच्यावर राग न्हाय. पन त्या अंगणात आता माझा पाय पडायचा न्हाय." ती भावाकडंच म्हातारी झाली. सणाला माय तिला खण पाठवायची, ती ठेवून घ्यायची. आमच्या घरात तिच्या हातची भाकरी पुन्हा कुणी खाल्ली नाही.

पण ते सगळं नंतरचं. दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताना मी बैल जुंपले. माय नवं लुगडं नेसून गाडीत येऊन बसली. मी गाडी गावाबाहेरच्या वाटेनं वळवली. घराची लाज घरात राहिलेली बरी, असं मला वाटत होतं.

"इकडून कुठं?" माय म्हणाली. "गावातून घे. आडावरून."

"माय, पान्याला बाया आल्या असतील."

"म्हणून तर."

मी वाद घातला. माझ्यापेक्षा हट्टी माणूस घरात एकच होतं आणि ते गाडीत बसलं होतं. मी बैल वळवले. आडावर सात-आठ जणी पाणी शेंदत होत्या. आम्हाला बघून त्यांचं बोलणं थांबलं. मी नजर बैलांच्या शिंगांवर ठेवली आणि शेपट्या पिरगाळल्या, म्हणजे गाडी चटकन पुढं निघून जाईल.

"थांबव," मागून माय म्हणाली. "मला ह्यांना पोत्यांचं सांगायचंय."

मी कासरा ओढला.