अम्पेलिओची फेरी

अम्पेलिओने उभा जन्म पाण्यावरच्या बसमध्ये काढला. धक्का आला की दोर बांधायचा, माणसं उतरवायची, दोर सोडायचा. निवृत्त झाल्यावर त्याला एकच काम उरलं, संध्याकाळची फेरी. आमच्या व्हेनिसमध्ये दोस्तांनी मिळून एका दुकानातून दुसऱ्या दुकानात जायचं, प्रत्येक ठिकाणी वाइनचा एकच छोटा पेला घ्यायचा आणि सोबत काहीतरी तोंडात टाकायचं, याला फेरी म्हणतात. पहिल्या दुकानात एकाने पाजायची, पुढच्यात दुसऱ्याने. आपली पाळी आपणच पुढे होऊन घ्यायची. दुसऱ्याला आठवण करून द्यावी लागली तर दोघांनाही मेल्याहून मेल्यासारखं होतं.

कालव्यालगतचं माझं दुकान त्याच्या फेरीत पहिलं. एके काळी पाच जण यायचे आणि असा दंगा घालायचे की वरची बाई खिडकीतून पाणी ओतायची. मग दोघे वारले. एकाला पोराने वृद्धाश्रमात नेऊन टाकलं. उरला जिल्दो. त्याच्या घरमालकाला घर पर्यटकांना भाड्याने द्यायचं होतं, म्हणून गेल्या हिवाळ्यात तोही समुद्रावरच्या लांब पुलापलीकडे, मेस्त्रे गावात मुलीकडे गेला. या शहराला आता माणसं नकोत, बॅगा हव्यात. मी हे कुणाच्याही तोंडावर सांगते.

त्यानंतर अम्पेलिओ नुसता दारात येऊन उभा राहायचा.

"अहो, आत या की. मी पाजते आज."

"तुझं दुकान आहे निवेस, तुझी पाळी कशी धरायची? आणि एकटा प्यायला लागलो की तूच दारुडा म्हणशील."

त्याला फक्त एक माणूस हवा होता, पाळी घेणारा. तेवढाही या गावात मिळेना. मला त्याच्याकडे बघवत नसे.

एप्रिलात एक डच जोडपं आलं, योरिस आणि त्याची बायको. मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये योरिसने विचारलं, "इथे रात्रीची मजा कुठे असते?"

दारातला अम्पेलिओ एकदम जागा झाला. "रात्रीची? रात्री इथे मांजरंसुद्धा झोपलेली असतात! मजा आत्ता, जेवणाआधी. उभ्याने प्यायची. एका दुकानात एकच पेला. दारात जेवणाचे फोटो लावलेले दिसले की तिथून पळ काढायचा. गल्लीत हळू बोला, वर म्हाताऱ्या राहतात. आणि बाईसाहेब, हा माशाचा पाव खा, नवऱ्याला देऊ नका, तो आधीच सुटलाय!"

बाई खळखळून हसली. अम्पेलिओने छाती फुगवून मला सांगितलं, "तिघांना भर. हे माझ्याकडून."

सगळं सांगितलं त्याने, फक्त पाळीचं सोडून. मी तोंड उघडणार तोच त्याने डोळे वटारले. आमच्याकडे ते सांगायचं नसतं.

पुढचं दुकान कालव्याच्या पलीकडेच, माझ्या दारातून दिसतं. तिथे अम्पेलिओ पेला हातात घेऊन कितीतरी वेळ थांबला. ती दोघं फोटो काढत होती. शेवटी त्यानेच खिशात हात घातला. तिसऱ्या दुकानाकडे वळताना योरिसने त्याचा हात हातात घेतला, काहीतरी दिलं आणि बायकोला घेऊन निघून गेला.

अम्पेलिओ पूल उतरून माझ्याकडे आला. मुठीतली चुरगळलेली नोट त्याने फळीवर ठेवली.

"म्हणाले, तुम्ही फार छान गाइड आहात."

"तोंडावर फेकायची होती!"

"का? त्यांना काय माहीत? माणसं चांगली होती गं." त्याने नोट बोटांनी सरळ केली. "निवेस, असे कुणी आले तर माझ्याकडे पाठवत जा."

"आणि हे पैसे?"

"देतील ते घेईन. त्यांची पाळी म्हणजे हीच, असं समजेन. संध्याकाळी कुणीतरी बरोबर तर असेल."

मला रडू आलं. मी पाठ वळवून पेले विसळत राहिले, स्वच्छ होते तेसुद्धा.

आता मी पाठवते. अनोळखी माणसं आली की हसून सांगते, "हे आमचे गाइड." आणि अम्पेलिओ इस्त्रीच्या शर्टात पुढे येतो आणि त्यांच्यापुढे मान तुकवतो.