सरांचं टाचण

आमच्या पाड्यावरच्या शाळेत शिक्षक दोनच, मी आणि सर. सरांचं पाठाचं टाचण बघत राहावं असं देखणं. सगळी रचना वर्तनवादावर. मुलाचं उत्तर बरोबर आलं की लगेच बक्षीस, चुकलं की काही नाही. "मॅडम, मूल असंच शिकतं," असं ते हातावरचा खडू झटकत सांगतात. बक्षिसाचे फुटाणे मात्र स्वतःच्या पगारातून आणतात.

मी शहाद्याची, मुलांची पावरी बोली मला अर्धीच कळते. सर स्वतः पावरा आदिवासी. सुट्टीत आईशी फोनवर पावरीत किती लाडात बोलतात! वर्गात पाऊल टाकलं की त्यातला एक शब्द तोंडातून निघत नाही.

मागच्या महिन्यात पहिलीतली एक मुलगी पाय आवळून उभी राहिली आणि पावरीत काही म्हणाली. मला शब्द कळले नाहीत, पण पाय कळले. सरांना दोन्ही कळलं होतं. तरी म्हणाले, "मराठीत सांग."

मी धावत पोचेपर्यंत फरशी ओली झाली होती. रागात माझी अहिराणीच बाहेर पडली, "सर, पोर शे ती!"

"उद्या बघा," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ती उभी राहून म्हणाली, "सर, मी लघवीला जाऊ का?" सरांनी तिच्या हातावर फुटाणे ठेवले.

काल पुन्हा तेच कौतुक सांगत होते, "शिकली की नाही?"

"शिकली ना, सर. तेव्हापासून शाळेत पाण्याचा घोटसुद्धा घेत नाही. तेही लिहा टाचणात."