उरलेल्या गोळ्या आणि उसाचा रस

वाळूजच्या कारखान्यात मी लाइनीवर होतो, तेव्हाची गोष्ट. जागेवरून उठायचं तर बदली माणूस मागावा लागे, आणि तो असं तोंड करून येई की त्यापेक्षा पाणीच न प्यालेलं बरं. हा शोध माझा. उन्हाळा सरेस्तोवर लघवीला मिरची लागल्यागत आग व्हायला लागली.

मुकुंदवाडीच्या आमच्या डॉक्टरांनी आठवड्याच्या गोळ्या दिल्या. दोनच दिवसांत आग थांबली आणि मी घरच्या रीतीनं उरलेल्या गोळ्या डब्यात टाकल्या. आईचा तो बिस्किटांचा जुना डबा म्हणजे गल्लीचा दवाखाना. कुणाच्या तापातल्या, कुणाच्या दाढदुखीतल्या, साऱ्या गोळ्या तिथं सुखानं नांदत. औषध उरवणं ही आमच्याकडं संसाराची अक्कल समजली जाई. पुन्हा आग झाली की मी डबा उघडायचो, दोन गोळ्या खायचो, बरं वाटलं की झाकण लावायचो. डॉक्टरकडची खेप वाचवली म्हणून स्वतःवर खूशही असायचो.

अशातच गंगापूरला मुलगी बघायला गेलो. पहिल्या नजरेत ती मला पटली. दुसरी नजर टाकायला मी जागेवर नव्हतो. पोहे संपेपर्यंत परसात माझ्या चकरांवर चकरा झाल्या. शेवटी मुलीच्या मामांनी सगळ्यांदेखत विचारलं, “पाव्हणं, साखरेचा आजार हाय का तुम्हाला?”

“नाय हो,” आमचे वडील म्हणाले, “जीपच्या धक्क्यांनी झालं आसंल.”

“आम्ही बी जीपनंच फिरतो की.”

तपासणी करून या, मग पुढचं बोलू, असं ठरलं. निघताना पाहिलं तर परसदारी मुलीनं माझ्यासाठी भरलेला तांब्या आधीच आणून ठेवला होता आणि ती ओठ दाबून हसत होती. आता लग्न करीन तर हिच्याशीच.

डॉक्टर वडिलांचे जुने दोस्त, बोलणं अर्धं दखनी. त्यांनी तपासून सांगितलं, “साखर नाय. जंतू हैत. मी दिलेल्या गोळ्यांचं काय केलं?”

मी सोबत नेलेला डबा अभिमानानं पिशवीतून काढला. त्यांनी आत डोकावून पाहिलं. “मियाँ, गोळ्या खाल्ल्या का चाखल्या?”

लघवी कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून त्यांच्यावर गोळ्या पारखायला, पाठवली. पहिल्या गोळ्यांना माझे जंतू आता जुमानत नव्हते. “नरम होते ते मेले, निबर तेवढे तुम्ही पाळले,” डॉक्टर म्हणाले. “ही दुसरी गोळी त्यांना मारते. पण शेवटची पोटात जाईपर्यंत हात आखडायचा नाय. आणि पाणी प्या, लाइन बुडली तरी चालंल.” डबा त्यांनी ठेवूनच घेतला.

आग लगेच थांबली. आई म्हणाली, “थांबलं न्हवं? मग ठिव की चार.” मी तिच्यासमोर गोळी गिळली. त्या घरात एवढं मोठं बंड त्याआधी कुणी केलं नव्हतं. कारखान्यातही बदली माणसाच्या तोंडाकडं न बघता तांब्यावर तांबे रिचवले. पुन्हा तपासणी झाली, लघवी साफ निघाली.

मग परत गंगापूर. साखर नसल्याचं वडिलांनी सांगितलं, पण मामांचा भरवसा फक्त आपल्या डोळ्यांवर. त्यांनी स्वतःच्या उसाचा रस काढून आणला होता. एक पेला झाला, दुसरा झाला. “घ्या की, लाजू नका,” म्हणत ते माझा पेला भरत होते आणि मला एकटं वाटू नये म्हणून आपलाही. मी मांडी घालून असा बसलो, जसा काही देव्हाऱ्यातच बसवलाय. पाऊस, कापसाचा भाव, कारखाना, सगळ्यावर मी मत दिलं. माझ्याकडून हालचाल नाही.

अखेर मामांची चुळबुळ सुरू झाली. थोडा वेळ त्यांनी दम धरला, मग धोतर सावरत उठले आणि परसाकडं चालू लागले.

स्वयंपाकघराच्या दारातून मुलीचा आवाज आला, “मामा, तांब्या भरून ठिवलाय.”

लग्न त्याच बैठकीत ठरलं.