तामसीची सातची बस

तामसीहून आदिलाबादला येणारी सातची बस सातला कधीच निघत नव्हती. आंध्र प्रदेशच्या काळातली ही गोष्ट आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. कधी ती साडेआठला यायची, कधी भरून यायची आणि न थांबता जायची. बाजाराच्या दिवशी तर तिचं काही विचारूच नये. तरीही "ही बस रोज सातला आहे, सोयीची आहे" असं मी लिहून दिलं. सही माझी आहे.

मी तेव्हा आदिलाबादच्या एका जिनिंगमध्ये हजेरीचा कारकून होतो. हंगामात कापसाच्या गाड्या पहाटेपासून लागायच्या, म्हणून मालकांनी ऑफिसच्या माणसांना आणायला जीप लावली. ती जैनथच्या बाजूने यायची आणि मला माझ्या गावाच्या फाट्यावरून घ्यायची. आमचा काटेवाला, म्हणजे कापूस तोलून घेणारा, तामसीचा. त्याने अर्ज केला, जिनिंगला येण्याआधी जीप तामसीला पाठवावी. मालक मला म्हणाले, "उधर बस है क्या, देख के लिख दो."

मी बसस्टँडवर गेलो आणि फळ्यावरची वेळ उतरवून आणली. कारण सांगायलाही लाज वाटते. मला घेऊन जीप आधी तामसीला गेली असती तर मला तासभर लवकर उठावं लागलं असतं. बस्स, एवढंच.

मग रोजचा वैताग सुरू झाला. काटा आठला उघडायचा आणि हा नऊला धापा टाकत यायचा. बाहेर गाडीवाले शिव्या घालत उभे. मी हजेरीत लाल खूण करायचो.

"भाऊ, काऊन लाल मारून राह्यले? तुमाले मालूम नाई का ते बस?"

"फळ्यावर सात लिवलं हाय."

"मंग उद्या फळ्यावरच बसून येतो."

सगळे हसले. मीही हसलो, पण खूण केलीच.

त्याने मग एक युक्ती काढली. कंडक्टरकडून तिकिटाच्या मागे बस तामसीत आल्याची वेळ लिहून घ्यायला लागला. आठवडाभराची तिकिटं त्याने माझ्यापुढे मांडली. आठ वीस, आठ चाळीस, एकावर नुसतंच 'फार उशीर'. कंडक्टरही वैतागलेला असणार. मी म्हणालो, "याच्यावर शिक्का कुठं हाय?" तिकिटावर शिक्का कोण मारतो? हे मला कळत नव्हतं असं नाही.

लाल खुणा वाढल्या तसं मालकांनी मला बोलावलं. "सच बोलो, बस का लफडा है क्या?" तिकिटं माझ्याच टेबलाच्या खणात होती. मी म्हणालो, "नहीं सेठ, बस तो है. आदमी ढीला है."

दुसऱ्या दिवशी काट्यावर नवा माणूस आला. तो शहरातलाच होता.

काटेवाला पुढे दुसऱ्याच्या शेतात राबला. पक्की नोकरी झोपेपायी घालवली, असं गावाने ठरवून टाकलं आणि त्याच्या बायकोनेही ते खरं मानलं. तो आता नाही. त्याची मुलगी शिक्षिका आहे. मागे एका लग्नात ती शेजारी येऊन बसली.

"काका, तुमी तर हजेरीवर होते. बाबा खरंच झोपून राहायचे का? आई अजून तेच म्हनते."

"नाई बाई, बसच टायमावर येत नव्हती," मी म्हणालो. तिला तेवढ्यानेही बरं वाटलं. जेवताना मला वाढायला स्वतः आली. मला पुढचं सांगवेना.

माझ्या घरचे म्हणतात, आता कशाला उकरून काढता? त्यांचं हे ऐकूनही चीड येते. उकरायचं नाही तर तिच्या आईने मरेपर्यंत नवऱ्याला आळशी म्हणायचं का?

तो पहाटे पाचला उठून तामसीत बसची वाट बघत उभा राहायचा. तामसीला जीप जाऊ दिली नाही ती मी. मालकांशी खोटं बोललो तोही मीच. बाई, एवढं तुझ्या आईला वाचून दाखव. त्यानंतर ती मला काय म्हणेल ते म्हणू दे.