हँडलवाला

“परत कर,” सुहास सर म्हणाले. “ते हाताचं. परत कर.”

मी स्टेजवर उभा होतो. ठाण्यात, नौपाड्यातला हॉल. समोर खुर्च्यांवर बायका, पुरुष, इस्त्रीचे कपडे घातलेली मुलं. पुढच्या रांगेत परीक्षक. माझं गाणं नुकतंच संपलेलं. गाणं म्हणजे रॅप. नव्वदनंतरची ही वर्षं, केबलवर रॅप यायला लागलेलं, आणि मानपाड्याच्या चहावाल्याच्या टीव्हीसमोर उभं राहून मी ते शिकलेलो. मला वाटलं, आता हे गाण्याबद्दल काहीतरी बोलतील.

“बघा हं,” सुहास सर माईक घेऊन लोकांना म्हणाले. स्पर्धा त्यांनीच भरवलेली. “ओळ संपली की हा हवेत असा हात मारतो. खाडकन. का रे मारतोस?”

मी खरं ते सांगितलं. म्हटलं, सर, कंपनीत कापड रंगवायच्या मशीनवर असतो. तिथं हँडल मारावं लागतं. सवय आहे.

हॉल हसला. वाईट हसला असंही नाही म्हणता येणार. घरी आलेल्या पाहुण्याचं पोरगं काहीतरी बोबडं बोललं की हसतात, तसं हसले.

“मग मार ना हँडल. परत मार.”

मी मारलं. एकदा, मग अजून एकदा. एका बाईंनी डोळे पुसले हसून हसून. माझे कान तापलेले. तरी मी मारत राहिलो, कारण माईक अजून माझ्यासमोर होता आणि तो कोणी काढून घेऊ नये असं मला वाटत होतं.

त्या मशीनला आम्ही जिगर म्हणतो. दोन रूळ, मध्ये रंगाचं कढत पाणी. कापड एका रुळावरून सुटतं, रंगातून जातं, दुसऱ्या रुळावर गुंडाळलं जातं. संपत आलं की हँडल मारायचं, की ते सगळं उलटं परत. अख्खी पाळी हेच. वाफेत दिसत काही नाही, कापडाच्या आवाजावरून कळतं आता शेवट आला. हात आपोआप जातो. माझा ठेका तिथलाच. धड धड धड धड, आणि शेवटाला हात. दुसरीकडून कुठून आणणार होतो ठेका? क्लास लावला नव्हता कोणी मला.

आम्ही इथले आगरी. माझ्या आजाचं शेत होतं मानपाड्याला. ते सरकारने कारखान्यांसाठी घेतलं. ज्यांची जमीन जास्त होती त्यांचे नंतर बंगले झाले. आमचा तुकडा बारका. त्या तुकड्याच्या बदल्यात बाबांना त्याच जागेवर उभ्या राहिलेल्या कंपनीत चिकटवून घेतलं, जिगरवर. मी दहावी नापास झालो आणि बाजूच्या जिगरवर गेलो. कंपनीच्या मागचा नाला, जिथं आजा बैल धुवायचा म्हणे, तो रोज आमच्या मशीनमध्ये जो रंग असेल त्या रंगाचा वाहतो.

हेच मी त्या हॉलमध्ये म्हटलेलं.

“आजानं पेरला भात, तिथंच आता वाफ
तोंड धुतो कितीदा, रंग होईना साफ
नाला आज हिरवा, उद्या लाल, परवा निळा
तुझ्या कोऱ्या शर्टाखाली माझ्या बापाचा गळा”

‘गळा’ या शब्दावर हात गेला हवेत. आणि लोक नेमके तिथं हसले.

एक परीक्षक म्हणाले, “भाषा सुधारायला हवी. पण करमणूक आहे, वादच नाही.” मला बक्षीस नाही मिळालं. कार्यक्रम संपल्यावर सुहास सरांनी मात्र खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, आमचे कार्यक्रम असतात ठाण्यात, कल्याणला, सोसायट्यांमध्ये, कॉलन्यांमध्ये. तू येत जा. कॅसेट काढणारे लोक माझ्या ओळखीचे आहेत. तुझी कॅसेट निघू शकते.

कॅसेट. तो शब्द मी घरापर्यंत चघळत आलो. माझ्या वयाच्या पोराला सांगायला नको कॅसेट म्हणजे काय ते. दुकानात आपली कॅसेट, रिक्षात आपला आवाज. कॅसेट निघाली की जिगर सुटणार. बाबांनाही सोडवणार. त्यांना खोकला लागलेला, रात्री बसून राहायचे. मी ठरवूनच टाकलं, त्यांना त्या वाफेतून बाहेर काढायचं. एवढं एकच पाहिजे होतं मला.

मग मी जात राहिलो. सुट्टीच्या दिवशी, नाहीतर पाळी बदलून. शहाडच्या एका कंपनीच्या कॉलनीत, कल्याणला सत्यनारायणाच्या पूजेला, ठाण्याला कुणाच्या साठीला. भावगीतं व्हायची, मग नकला, मग मी. सुहास सर ओळख करून द्यायचे, “आता येतोय आपला हँडलवाला!” हँडबिलावरही तेच छापायचे. पहिल्यांदा मी विचारलं, सर, माझं नाव? ते म्हणाले, “अरे, नाव कोण लक्षात ठेवतं? हँडल लक्षात राहतं.”

ओळ सुरू झाली की मागून पोरं ओरडायची, “हँडल! हँडल!” मी नाल्याचं बोलतोय, आजाच्या शेताचं बोलतोय, आणि ते माझ्या उजव्या हाताकडे बघत बसलेत. हळूहळू सरांनी कडवी कापली. “एवढं लांब नको. हँडल वाढव.” नंतर नंतर तर गाणं राहिलंच नाही. मी स्टेजवर जायचो, चार ओळी, हँडल, चार ओळी, हँडल, आणि पाया पडून खाली. खायला मागच्या बाजूला, डेकोरेशनवाल्यांबरोबर. भावगीतवाल्या बाई आत, यजमानांच्या पंगतीला. मी एकदा आत पाणी मागायला गेलो तर घरातल्या काकू म्हणाल्या, “अरे, तुझं ताट बाहेर दिलंय ना?” आवाज गोड होता हो. कुठं बोट ठेवणार?

बाबांना कंपनीत कुणीतरी सांगितलं. तुमचा पोरगा ठाण्याला आपल्या मशीनची नक्कल करतो, लोक लई हसतात. घरी आल्यावर बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, “काय रं, तिकरं जाऊन आपल्या कामाला हसवतंस?”

मी म्हटलं, “बाबा, कॅसेट निघणार आहे.”

“निघूं दे,” ते म्हणाले. “पण हसतात कयाला ते मना नाय समजत. हँडल मारताना हसण्यासारखं काय हाय?”

मी त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या दिला.

पुढे सरांनी सांगितलं की कॅसेटवाले येणार. नौपाड्यातच, त्याच हॉलमध्ये कार्यक्रम. कॅसेट कंपनीचा माणूस पहिल्या रांगेत बसेल, आवडलं तर तिथल्या तिथं बोलणं होईल. मी नवीन कडवी बांधली. मशीनवर उभा राहून पुटपुटत असायचो, बाजूचा म्हणायचा, याला भूत लागलंय.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी पाळीत बाबांचा हात गेला.

चालत्या कापडाला सळ पडते, म्हणजे चुणी. सळ पडली की तिथं रंगाचा पट्टा उठतो, माल बाद. मशीन थांबवून सळ काढावी, असं भिंतीवर लिहिलेलं. पण थांबवलं तर मुकादम अंगावर येतो, कारण थांबलेल्या जागीही डाग पडतो आणि कामही मागे पडतं. म्हणून सगळे चालत्या मशीनवरच तळहाताने सळ सारतात. बाबा आयुष्यभर सारत आलेले. त्या दिवशी त्यांना खोकल्याची उबळ आली, तोल गेला, आणि कापडाबरोबर हात रुळाखाली गेला. मी घरी होतो, कामाला निघायच्या तयारीत. शेजारचा धावत आला तेव्हा मी आरशासमोर कडवं म्हणत होतो.

डॉक्टरांनी अंगठा ठेवला. बाकी काही ठेवण्यासारखं नव्हतं. जिथं पट्टी नव्हती तिथं मनगट निळं होतं. नर्स म्हणाली, हा रंग आहे की मार? मी म्हटलं, रंग.

दुसऱ्या दिवशी मी हॉलवर गेलो. का गेलो? कारण दुसरं काही नव्हतं माझ्याकडे. बाबांची नोकरी संपलेली. आता तर कॅसेट पाहिजेच होती. मला वाटलं, सरांना सांगू, ते समजून घेतील. एवढ्या कार्यक्रमांना आलोय आपण. माणूस आहेत तेही.

स्टेजच्या मागे सर सदऱ्याच्या बाह्या सरळ करत होते. मी सगळं सांगितलं. बाबांचा हात, मशीन, सगळं. म्हटलं, “सर, आज हँडल नको. आज फक्त गाणं करतो.”

त्यांचा चेहरा पडला. खरंच पडला. “अरेरे. फार वाईट झालं रे,” ते म्हणाले. मग पडद्याच्या फटीतून त्यांनी पहिल्या रांगेकडे बघितलं. “पण ते लोक हँडलसाठीच आलेत. असं कर, जास्त नको. दोनदा कर. दोनदा केलंस तरी चालेल.”

दोनदा केलंस तरी चालेल.

माझ्या डोक्यात काही पेटलं वगैरे नाही. उलट गार पडलो. इतके दिवस मला वाटत होतं, हे लोक आधी हाताला हसतील, मग हळूहळू गाणं ऐकतील. त्या क्षणी कळलं, ऐकणार नाहीत. मी मेलो तरी मेल्याचा अभिनय परत कर म्हणतील. आणि मी इतके महिने माझ्या बापाला त्या स्टेजवर नेऊन उभा करत होतो, त्याच्या हालांवर टाळ्या मागत होतो.

“आता येतोय आपला हँडलवाला!”

मी गेलो. दोन्ही हात पाठीमागे धरले. घट्ट, डाव्या हाताने उजवं मनगट. आणि अख्खं गाणं म्हटलं. पहिल्यापासून, कापलेल्या सगळ्या कडव्यांसकट. ओळीचा शेवट आला की हात उसळायचा, मी तो दाबून धरायचो. मागून ओरडले, “हँडल!” मी म्हणत राहिलो. परत ओरडले. मग कोणी ओरडेना. लोक एकमेकांकडे बघायला लागले. खुर्च्या वाजल्या. कोणीतरी चहाला उठलं. कॅसेटवाला माणूस शेजारच्याशी बोलायला लागला, आणि माझं शेवटचं कडवं सुरू असतानाच उठून गेला.

टाळी नाही वाजली. एकही नाही.

मी वाट बघितली नाही असं खोटं कशाला बोलू? बघितली. वाटलं, एखादा तरी उठेल. कोणी उठलं नाही. भावगीतवाल्या बाई हार्मोनियमपाशी येऊन बसल्या आणि लोक सावरून बसले.

आत सर म्हणाले, “तुला इथं कोणी ओळखत नव्हतं. मी आणलं तुला. आता परत कोणी बोलावणार नाही, लक्षात ठेव.”

“नका बोलावू,” मी म्हणालो. एवढंच सुचलं. नंतर वाटेत खूप सुचलं.

त्यांचं मात्र खरं ठरलं. कोणी बोलावलं नाही. ठाण्यातल्या दोन मंडळांत जाऊन आलो, ते म्हणाले हँडल करणार असशील तर बघू. कंपनीने उपकार केल्यासारखं मला बाजूच्या जिगरवरून बाबांच्या जागी लावलं. बाबांच्याच जिगरवर. रूळ धुऊन ठेवलेला. पहिल्या दिवशी मला उलटी झाली. दुसऱ्या दिवशी नाही झाली. माणूस सगळ्याला सरावतो, ही सगळ्यात घाणेरडी गोष्ट आहे.

बाबा घरी बसून असतात. डाव्या हाताने जेवतात, भात सांडतो, आई तो वेचते. माझी कॅसेट निघणार नाही हे त्यांना माहीत आहे. त्यांना बाहेर काढायचं म्हणत होतो. निघाले ते बाहेर. असे.

मागच्या आठवड्यात कापडाला सळ पडली. मोठी, पार कडेपर्यंत. माझा तळहात पुढे गेला. सगळ्यांचा जातो. मी तो मागे घेतला आणि मशीन बंद केली. एकदम शांत झालं आमच्या कोपऱ्यात. मुकादम धावत आला. “थांबवलीस कुणाला विचारून? चालू कर!”

मी म्हटलं, “सळ काढतो, मग चालू करतो.”

“माल बाद होईल. घरी जाशील.”

“जाईन.”

तो शिव्या देत उभा होता, मी सळ काढत होतो, आणि माझ्या तोंडून गाणं निघालं. मोठ्याने. रुळाचं, खोकल्याचं, कापडाखाली गेलेल्या हाताचं. बाजूच्या जिगरवरचे दोघं ऐकत होते. हसले नाहीत. टाळ्याही दिल्या नाहीत, भीतीने मान खाली घालून ऐकत राहिले. मग मी मशीन चालू केली. मुकादमाने माझं नाव वर कळवलंय. काढतील मला, बहुतेक याच महिन्यात. दुसरीकडे कुठं लागेन तिथंही असलीच मशीन असेल. सुटका दिसत नाही, आणि मी आता ती शोधतही नाही.

पण चालत्या मशीनमध्ये मी हात घालणार नाही. सळ पडली की मशीन थांबेल, आणि ती थांबली की मी तोंड उघडणार. ऐकायचं तर ऐका. हसायला आलात तर मी तुमच्याकडे बघणारसुद्धा नाही.